एल्गिन रोडवरचं घर

कोलकात्याला पोस्टिंग होती तेव्हाची गोष्ट. फोर्ट विल्यममध्ये राहायचो. त्या किल्ल्याला आता विजयदुर्ग नाव दिलंय, आपल्या सिंधुदुर्गातल्या विजयदुर्गाची आठवण करून देणारं. एका रविवारी सिव्हिल ड्रेसमध्ये मैदान स्टेशनवर मेट्रो पकडली आणि दुसऱ्याच स्टेशनवर उतरलो. स्टेशनचं नाव नेताजी भवन.

घर ३८/२, एल्गिन रोड. सुभाषबाबूंचे वडील जानकीनाथ बोस यांनी १९०९ साली बांधलेलं. १९४६ साली थोरले भाऊ शरदबाबूंनी ते देशाला दिलं आणि आज नेताजी रिसर्च ब्युरो ते चालवते. ही संस्था १९५७ साली पुतणे शिशिरकुमार बोस यांनी काढली. पेशाने ते बालरोगतज्ज्ञ. इंग्रजांनी त्यांना लाहोरच्या किल्ल्यात डांबलं होतं. पुढे हाच माणूस कागद, पत्रं, फोटो गोळा करत राहिला. घरच्यांनी घर जपलं की त्याचा देव्हारा होतो, अशी भीती मला होती. पण इथे कागदपत्रं बोलतात, हे मानायला हवं.

तळमजल्यावर वाँडरर गाडी उभी आहे. जर्मन बनावटीची, नंबर बीएलए ७१६९. २०१७ साली दुरुस्त होऊन परत आलेली. तिच्यासमोर मी बराच वेळ उभा होतो.

५ डिसेंबर १९४० ला उपोषणामुळे तुरुंगातून सुटून सुभाषबाबू या घरात आले. बाहेर गुप्त पोलिसांचा पहारा. १६ जानेवारी १९४१ ची रात्र उलटून गेल्यावर ते विमा एजंट महंमद झियाउद्दीनच्या वेषात खाली उतरले आणि विशीतला शिशिर गाडी घेऊन निघाला. घरात मोठी स्टुडबेकरही होती, पण ती लगेच ओळखू येण्यासारखी, म्हणून वाँडरर. खोलीतला दिवा मुद्दाम चालू ठेवला होता. पुढे काही दिवस ताट खोलीत जात राहिलं आणि घरातलीच मुलं ते संपवत राहिली. फौजी भाषेत याला डिसेप्शन प्लॅन म्हणतात, आणि तो घरातल्या पोरांनी पार पाडला! पहाटेपर्यंत गाडी धनबादजवळ पोचली. दुसऱ्या रात्री गोमोहला कालका मेल. नाहीसे झाल्याची बातमी फुटायला दहा दिवस लागले.

वरच्या मजल्यावर त्यांची खोली, पलंग, आणि ते त्या रात्री जिथून चालत गेले तिथे फरशीवर पावलांच्या खुणा. मी त्या खुणांच्या कडेने चाललो. त्यांच्यावर पाय ठेवायचं धाडस झालं नाही.

आता माझी अडचण सांगतो. माझे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. आमची ४/५ पलटण मार्च १९४४ मध्ये मणिपुरात सांगशाकला जपान्यांशी लढली. त्याच मोहिमेत दुसऱ्या बाजूला आझाद हिंद सेना होती. १४ एप्रिलला तिने मोइरांगला तिरंगा फडकवला, तेव्हा आजोबा फार लांब नव्हते. लढाई संपल्यावर आझाद हिंदच्या जवानांना सैन्यात परत घेतलं नाही, स्वातंत्र्यानंतरही नाही. आमच्या आजोबांना मात्र पेन्शन मिळाली, सलाम मिळाला, गावात मान मिळाला. या घरात मी कोणाचा नातू म्हणून उभा होतो?

अभिप्राय वहीत नाव लिहिलं. रँक आणि रेजिमेंट लिहायला हात अडखळला, पण लिहिली.

रात्री वडिलांना फोन केला. विचारलं, आजोबा कधी त्या लोकांबद्दल बोलायचे का?

"एकदाच," वडील म्हणाले. "रात्री समोरून हिंदीत हाका यायच्या म्हणे, इकडे या, आम्ही आपलेच आहोत."

"मग?"

"ते म्हणायचे, आम्ही उत्तर दिलं नाही. आणि उठून गोठ्याकडे जायचे."