मेणकापड ते मोनोग्राम : कवळाण्याचा राजा, पॅरिसची पेटी आणि कपाटातली पर्स

थ्रेड : लेप दिलेल्या कापडाचा इतिहास, आणि तो ठाऊक नसल्यामुळे खराब होणाऱ्या महागड्या पर्सेस.

१८७५ सालच्या उन्हाळ्यात मालेगाव तालुक्यातील कवळाणे गावचा बारा वर्षांचा गोपाळराव बडोद्यास पोहोचला. २७ मे रोजी महाराणी जमनाबाईंनी त्याला दत्तक घेतले आणि शेतकरी कुटुंबातला हा मुलगा सयाजीराव गायकवाड, तिसरे, म्हणून गादीवर बसला. नाशिक जिल्ह्याच्या मातीतून गेलेला हा राजा पुढे आपल्या काळातील सर्वांत प्रवासी संस्थानिकांपैकी एक ठरला. १८८७ साली त्याने पहिली युरोपयात्रा केली, आणि त्यानंतर आगबोटींचा प्रवास त्याच्या आयुष्याचाच भाग बनला.

१९२६ साली पॅरिसच्या लुई व्हिटॉन या पेटीकारांनी बडोद्याच्या महाराजांसाठी चहाचा सरंजाम ठेवण्याची एक खास पेटी घडवली. या कारखान्याच्या इतिहासात ती आजही आवर्जून दाखवली जाते. प्रवासात चहाही आपल्याच भांड्यांतून घेणारा राजा, एवढ्यावरच बहुतेक जण थांबतात. खरा रंजक प्रश्न वेगळा आहे : समुद्राची खारी ओल, बंदरांवरचा पाऊस आणि हमालांची आदळआपट यांतून त्या काळचे सामान टिकत कसे होते?

उत्तर लेपात आहे. जुन्या युरोपीय पेट्यांची झाकणे घुमटाकार असत, कारण पाणी वाहून जाणे आवश्यक होते. अशा पेट्या एकावर एक रचता येत नसत. १८५४ मध्ये दुकान थाटणाऱ्या लुई व्हिटॉन यांनी १८५८ च्या सुमारास पेटीवर राखाडी रंगाचा जलरोधक कॅनव्हास चढवला आणि झाकण सपाट केले. कापडच पाणी अडवू लागल्यावर घुमटाचे कारण उरले नाही. रेल्वेच्या आणि आगबोटीच्या युगाला हवी होती ती पेटी हीच.

नक्कल लगेच सुरू झाली. १८७२ मध्ये पट्टे आले, १८८८ मध्ये बुद्धिबळाच्या पटासारखी चौकट आली, तरीही नकलाकार थांबेनात. अखेर १८९६ साली लुई यांचे पुत्र जॉर्ज यांनी आद्याक्षरे आणि फुले गुंफलेला मोनोग्राम काढला. आज जे चिन्ह मिरवण्यासाठी वापरले जाते, ते मुळात चोरी रोखण्यासाठी जन्मले, हे ध्यानात ठेवण्याजोगे.

कापडावर लेप देण्याची कल्पना मात्र पॅरिसची नव्हे. मराठीत ‘मेणकापड’ हा शब्द त्याची साक्ष देतो : मेण मुरवलेले, पावसापासून वस्तू राखणारे कापड. युरोपात हेच काम जवसाच्या उकळलेल्या तेलाने होई. प्रत्येक लेपाचे म्हातारपण निराळे. मेण उन्हात पाघळते. जवसाचे तेल हवेने कडक होत जाते आणि घडीवर तडकते.

तिसरा लेप विसाव्या शतकाचा. १९५९ साली मोनोग्रामचा नवा, लवचिक लेपित कॅनव्हास आला आणि ताठ पेटीवरची नक्षी मऊ हँडबॅगवर उतरली. अनेकांचा आजही समज असतो की ही पर्स चामड्याची असते. तिचे अंग बहुधा सुती कॅनव्हासचे असते आणि त्यावर पीव्हीसीचा थर. चामडे असते ते मूठ, पट्टा आणि काठ यांपुरते.

पीव्हीसी स्वभावतः कडक. त्याला मऊ राखण्यासाठी त्यात तेलकट द्रव्ये मिसळतात, त्यांना प्लास्टिसायझर म्हणतात. उष्णतेने ती हळूहळू पृष्ठभागावर येतात आणि पर्स चिकट होते. ती निघून गेली की थर कडक होऊन तडकतो. सॅनिटायझर, स्पिरिट, नेलपॉलिश काढण्याचे द्रव हे नुकसान एका पुसण्यात करू शकतात, आणि छापील नक्षीही उडवतात.

नाशिकच्या घरात या पर्सचे दोन शत्रू. एप्रिल-मेमध्ये स्लॅबखालचा तापलेला माळा, आणि आषाढ-श्रावणात चामड्यावर धरणारी बुरशी. त्यात घरगुती उपायांची भर पडते : चामडे समजून चोळलेले खोबरेल, बुटाचे पॉलिश, हवाबंद प्लास्टिकची पिशवी. खोबरेल लेपात मुरत नाही; ते धूळ धरून ठेवते आणि मुठीच्या कोऱ्या चामड्यावर कायमचा डाग पाडते.

योग्य निगा आश्चर्यकारकरीत्या साधी आहे. मऊ सुती फडके कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळावे, फार तर सौम्य साबणाचा एक थेंब घ्यावा, लेपाचा भाग हलक्या हाताने पुसून लगेच कोरडा करावा. चामड्याच्या पट्ट्यांना पाणी लागू देऊ नये. उन्हात वाळवू नये. आत कोरा कागद भरून पर्स उभी ठेवावी. वर्तमानपत्र वापरू नये, कारण शाई लेपात उतरते आणि मग निघत नाही. गडद जीन्सच्या रंगाचेही तसेच.

मुठीचे फिके चामडे हा स्वतंत्र विषय. ते वनस्पतिजन्य टॅनिनने कमावलेले असते. महाराष्ट्रातील चर्मकारही बाभळीची साल आणि हिरडा वापरून हेच करत आले. कोल्हापुरी चप्पल त्याच कुळातली. उजेडाने आणि हाताच्या स्पर्शाने असे चामडे मधाळ तपकिरी होते. तो मळ नव्हे, वय आहे. ते घासून ‘स्वच्छ’ करणारे बहुधा चामडेच खरवडतात.

या बाबतीत नाशिक जिल्ह्याला परके ज्ञान शोधण्याची गरज नाही. येवल्याची पैठणी जपणाऱ्या घरांत ती मऊ सुती कापडात गुंडाळतात, प्लास्टिकमध्ये कोंडत नाहीत, अधूनमधून सावलीत वारा देतात आणि घडी बदलतात. यांतले सगळे पर्सला लागू पडते, घडी सोडून. लेपाला घडीच नको. पैठणीची मोडलेली घडी विसावते, पीव्हीसीवरची तडक भरून येत नाही.

काही जुन्या पर्सेसचे आतले खिसे कृत्रिम चामड्याच्या अस्तराचे असतात. दमट हवेत ते वर्षानुवर्षे विघटित होऊन चिकट होतात, सोलतात. पावडर टाकून चिकटपणा चार दिवस लपतो, जात नाही. तिथे कुशल कारागिराकडून अस्तर बदलून घेणे हाच मार्ग उरतो. बाहेरचा कॅनव्हास मात्र तोवर बहुधा धडधाकट असतो.