कोमट बिअर वाचवणारे गिऱ्हाईक

इंग्रज कोमट बिअर पितात, अशी थट्टा चालते. ऑक्सफर्डशायरमधल्या हुक नॉर्टन गावात मी ‘ओल्ड हुकी’ चाखली. कोमट नव्हती, तळघरातला बेताचा गारवा होता, साधारण १२ अंश. गॅस जवळजवळ नाही. आधी माल्टची गोडसर चव, मागून हलका कडवटपणा.

ही ब्रुअरी जॉन हॅरिस यांनी १८४९ मध्ये काढली, अजून घराण्याकडेच आहे. इमारत मनोऱ्यासारखी. माल्ट वर चढवायचं, मग भरडणं, उकळणं, आंबवणं करत माल मजल्यामजल्याने आपसूक खाली उतरतो.

खरी गंमत पिंपात! त्यात यीस्ट जिवंत असतं, पबमध्ये पोचल्यावरही आंबणं चालूच. म्हणून पिंप जपावं लागतं आणि उघडलं की काही दिवसांत संपवावं लागतं. बड्या कंपन्यांना एवढा उपद्व्याप कशाला हवा? १९६० च्या दशकात त्यांनी बिअर गाळून, तापवून, वरून गॅस भरून विकायचा सपाटा लावला. छोट्या ब्रुअऱ्या विकत घेऊन बंद केल्या. हजारो पब त्यांच्याच मालकीचे, मग गिऱ्हाईक बोलणार काय?

पण बोललं. १९७१ मध्ये चार तरुणांनी ‘कॅम्रा’ ही चळवळ सुरू केली, पुढे सभासद लाखावर गेले. १९८९ मध्ये सरकारने बड्यांच्या पबांवर मर्यादा घातली, २००२ मध्ये छोट्यांना करसवलत दिली. मर्यादेतही पळवाट निघालीच म्हणा: बड्यांनी विकलेले पब नव्या साखळी कंपन्यांनी उचलले, आणि पबचालकांच्या मागे आता त्यांच्या भाड्याचा जाच लागला.