गणपतीपुळे

रत्नागिरी तालुक्यातील (जि. रत्नागिरी) समुद्रकाठचे गाव व गणपतीचे प्रसिद्ध क्षेत्र. रत्नागिरीच्या उत्तरेस आरे-वारे मार्गे सुमारे २५ किमी. निवळीवरून येणारा जुना रस्ता बराच लांबचा पडतो, आता तो मुख्यतः मुंबई-गोवा महामार्गावरून (जुना क्र. १७, नवा ६६) येणाऱ्यांच्या उपयोगाचा. गावाच्या पश्चिमेस थेट अरबी समुद्र. आडोशाला ना खाडी, ना बेट. लांबलचक पांढरट पुळण, तिच्या मागे माड आणि सुरू, आणि लगेच जांभ्याचा चढ. टेकडी आणि लाट यांच्यामध्ये उरलेल्या चिंचोळ्या पट्टीत देऊळ, बाजार आणि निवास दाटीने बसले आहेत.

देऊळ टेकडीच्या पायथ्याशी, समुद्राकडे तोंड करून आहे. पश्चिमेची द्वारदेवता ही त्याची ख्याती. मूर्ती स्वयंभू मानतात, आणि सबंध टेकडीच गणेशरूप समजली जात असल्याने प्रदक्षिणा देवळाला नव्हे, टेकडीला घालतात. ही फरसबंद वाट सुमारे एक किलोमीटरची आहे आणि तिच्या काही भागातून समुद्र दिसत राहतो. नोव्हेंबर आणि फेब्रुवारीत काही दिवस मावळतीची किरणे थेट गाभाऱ्यात पोहोचतात. मूळ स्थान केवड्याच्या बनात होते, एका गाईने शिळेवर दुधाची धार धरल्याने ते उघडकीस आले व गावचे खोत भिडे यांनी तेथे पूजा सुरू केली, अशी आख्यायिका आहे.

गाभाऱ्यावरचा घुमट शिवाजी महाराजांचे सुरनीस अण्णाजी दत्तो यांनी, तर सभामंडप पेशव्यांचे सरदार गोविंदपंत बुंदेले यांनी बांधल्याचे देवस्थानची परंपरा सांगते. गोविंदपंतांचे मूळ आडनाव खेर, गाव शेजारचेच नेवरे. कुलकर्णाची लेखणी सोडून ते उत्तरेत गेले, बुंदेलखंडाचा कारभार पाहू लागले आणि पानिपतच्या मोहिमेत अब्दालीची रसद तोडताना डिसेंबर १७६० मध्ये मारले गेले. आजचे देऊळ मात्र अलीकडच्या जीर्णोद्धाराचे आहे. जुने बांधकाम पाहण्याच्या अपेक्षेने येणाऱ्याची निराशा होते.

जवळच मालगुंड हे केशवसुतांचे (कृष्णाजी केशव दामले, १८६६–१९०५) जन्मगाव. कोकण मराठी साहित्य परिषदेने उभारलेल्या तेथील स्मारकाचे उद्घाटन १९९४ मध्ये कुसुमाग्रजांच्या हस्ते झाले. बसगाड्या भरून येणाऱ्यांपैकी थोडेच तिकडे वळतात. उत्तरेस शास्त्री नदीच्या मुखावर जयगडचा किल्ला, दीपगृह आणि आता बंदर व १,२०० मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र आहे.

किनारा सर्वांना खुला, विनाशुल्क. त्याला फाटक नाही, तिकीट नाही, कोणत्या घटकेला यायचे याचे बंधन नाही. दर्शन घेतले की चार पावलांवर पाणी, त्यामुळे येथे समुद्रस्नान यात्रेचाच भाग झाले आहे. लुगड्यासकट पाण्यात बसलेल्या आजी, विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेले काका, बाजूला उंट आणि शहाळेवाला, असा हा देखावा. हिवाळ्यात समुद्र त्यातल्या त्यात सौम्य असतो. नैऋत्य मोसमी वाऱ्यांबरोबर, जूनपासून, त्याचा स्वभाव पालटतो. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि वारा जुळून आले की लाट देवळासमोरच्या बांधकामावर आदळते. जून २०२३ मध्ये बिपरजॉय चक्रीवादळ शेकडो किलोमीटर दूर होते, तरी येथील लाटा किनाऱ्यावरच्या दुकानांत शिरल्या.

बुडण्याच्या घटना दरवर्षीच्या, आणि त्यांत बाहेरगावचे पर्यटक अधिक. कारण उंच लाट एवढेच नाही. लाटांनी काठाशी लोटलेले पाणी परतताना वाळूच्या उंचवट्यांमधील खोलगट वाटेने एकवटून वेगाने ओढत जाते. त्या जागी लाट फारशी फुटत नाही, पाणी शांत भासते, आणि नवखा माणूस नेमका तेथेच उतरतो. खानदेशात वरणगाव-मुक्ताईनगरकडे तापी-पूर्णेत पोहायला शिकलेल्यांना धार लागली की काठ गाठायचा एवढे ठाऊक असते. येथे काठाकडे सरळ झटणारा दमून जातो; किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाहेर पडायचे, मग लाटेबरोबर आत यायचे. जीवरक्षक असतात, सूचनाफलक आहेत. फलकांकडे पाठ करून छायाचित्रे काढण्याची रीतही आहे.

फळीवर उभे राहून लाट कापण्याचा खेळ (सर्फिंग) कर्नाटकात मुल्कीला रुजला. गणपतीपुळ्याला त्याची परंपरा नाही. येथे कोरड्या हंगामात यांत्रिक नौकांचे खेळ चालतात. पावसाळ्यात तेही बंद.

उत्पन्न : आंबा, नारळ, काजू, भात. पर्यटन व घरगुती निवास-भोजन हा आता मुख्य व्यवसाय; महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान किनाऱ्यालगत आहे.

दळणवळण : कोकण रेल्वे जानेवारी १९९८ पासून सलग सुरू, सोयीचे स्थानक रत्नागिरी. खानदेशातून येणाऱ्याला अंतराने जवळचा समुद्र खरे तर सुरतेचा. वरणगावावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग (जुना क्र. ६, नवा ५३) हजिऱ्यालाच सुरू होतो आणि तापीही तिकडेच समुद्राला मिळते. पण खंभातच्या आखाताच्या तोंडाशी असलेला तो किनारा गढूळ, चिखलाचा. वाळू आणि फुटणारी लाट हवी असणारा दूरचे कोकण पत्करतो. भुसावळ व जळगावला थांबणारी मंगला एक्सप्रेस मनमाड, कल्याण, पनवेलवरून रत्नागिरीस पोहोचते. पुढे एसटी किंवा रिक्षा. आरे-वारेच्या चढावर समुद्राकडची खिडकी डावी.