पेव, कोठी आणि कांद्याची चाळ

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असे अध्यक्षीणबाईंनी सांगितले तेव्हा मी चकलीची कृती देणार होते. पण कृती पुष्कळजणी देतील. रांधण्याआधी जिन्नस घरात टिकावा लागतो, आणि तो बायकांनी वर्षानुवर्षे कसा टिकविला हे मात्र कोणी लिहीत नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. थोडे वाचलेले व बरेचसे पाहिलेले एवढ्या भांडवलावर लिहीत आहे, तरी भगिनींनी सांभाळून घ्यावे.

१६७३ च्या मे महिन्यात शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळ छावणीला असलेल्या आपल्या अंमलदारांना एक पत्र पाठविले. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणा व वैरण आताच मनास येईल तशी उडवाल, तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि मग तुम्ही रयतेला त्रास द्याल, असे त्यात बजावले आहे. रात्री दिवा तसाच ठेवून निजू नका, उंदीर जळती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी पेटतील, हेही सांगितले आहे. हे वाचले तेव्हा मला तर आमच्या सासूबाईच बोलत आहेत असे वाटले! एवढा मोठा राजा, पण उंदीर आणि वात त्याच्या ध्यानातून सुटली नाही.

राजांची कोठारे दगडी असत. पन्हाळ्यावरच्या अंबरखान्यात गंगा, यमुना, सरस्वती अशा तीन कोठ्या आहेत, आणि एकट्या गंगेत २५,००० खंडी धान्य मावे असे सांगतात. गरिबांघरी मडक्यांची उतरंड, त्याहून बऱ्या घरी शेणाने लिंपलेली कणगी, आणि जेथे जमीन कोरडी व घट्ट तेथे पेव.

पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेली खोली. तोंड एका माणसापुरते, आत मात्र पोट मोठे. आतून लिंपून, तळाला व कडेला पाला किंवा कडबा लावून त्यात धान्य भरायचे आणि तोंड दगडमातीने बंद करायचे. सासूबाईंचे माहेर सांगलीकडचे. तेथे कृष्णाकाठी हरिपूरला हळदीची पेवे फार नावाजलेली होती. २००५ च्या महापुरात त्यांत पाणी शिरून हळदीची फार नासाडी झाली. ज्वारीची पेवे त्यांच्या गावीही होती. मी एकदा त्यांना विचारले, की आत कीड कशी लागत नसे? तर म्हणाल्या, "किड्याला श्वास नको का?" तोंड बंद केले की धान्य आणि त्यातले किडे मिळून आतला प्राणवायू संपवितात, दूषित वायू वाढतो आणि किडे आपोआप मरतात. औषधाचे काम हवाच करते.

पण जी हवा किड्याला मारते ती माणसालाही सोडीत नाही. म्हणून पेव उघडले की कोणी लगेच आत उतरत नसे. काही वेळ तोंड उघडे ठेवायचे, मग दोरीने कंदील खाली सोडायचा. तो विझला तर थांबायचे. सासूबाईंच्या नात्यातला एक तरणा मुलगा घाईने उतरला आणि वर आला नाही. तेव्हा त्या आठ-नऊ वर्षांच्या होत्या.

माझे माहेर निफाड तालुक्यातले, तेथे सगळे याच्या उलट. कांद्याला हवा हवी. लासलगावचा बाजार १९४७ सालचा. पण बाजारात नेईपर्यंत उन्हाळ कांदा टिकविला तो चाळीने. पौष-माघात लावलेला कांदा चैत्र-वैशाखात काढायचा, पातीखाली झाकून शेतातच सुकवायचा, बोटाच्या पेराएवढी मान ठेवून पात कापायची, मग सावलीत वाळवून चाळीत भरायचा. चाळीचा तळ जमिनीपासून हात-दीड हात उंच, बाजूला पट्ट्या, वर कौले. थर चार-पाच फुटांहून उंच रचला की खालचा कांदा दबून सडतो. मान कापणे आणि कांदा निवडणे हे बायकांचे काम. माझी आई चाळीपाशी नुसती उभी राहून वासावरून सांगे, की कोठे नासका आहे. दिवाळीपर्यंत टिकला तर लुगडी-कपडे, नाहीतर उधारी. आता लासलगावला अणुऊर्जा खात्याचे केंद्र आहे, किरण देऊन कोंब थांबवितात. २००७ साली तेथूनच हापूस अमेरिकेला गेला. पण शेतकऱ्याच्या घरी अजून चाळच.

आता माझीच चूक सांगते. वीसेक वर्षांपूर्वी आम्ही नाशकात दोन खोल्यांत राहत होतो. वर्षाचा लोकवन गहू पत्र्याच्या कोठीत भरला. मागच्या वर्षी सोंडे झाले होते, म्हणून दुकानदाराने दिलेल्या गोळ्या फडक्यात बांधून मी गव्हात टाकल्या. कोठी निजायच्या खोलीत. आणि डासांमुळे खिडकी बंद. मध्यरात्री लसणासारखा उग्र वास येऊ लागला, धाकटी ओकू लागली, माझे डोके गरगरत होते. मला वाटले, जेवण बाधले. सासूबाई बाहेरच्या खोलीत होत्या. त्या आल्या, वास घेतला, एक शब्द न बोलता दारे-खिडक्या उघडल्या आणि दोन्ही मुलांना उचलून गच्चीत नेले. मग मला ओरडून म्हणाल्या, "अगं, पेव केलंस की घराचं!"

धाकटी दोन दिवस दवाखान्यात होती, वाचली. डॉक्टरांनी सांगितले, की ती गोळी हवेतल्या दमटपणाने विषारी वायू सोडते व त्यावर उतारा नाही. ती राहत्या घरात वापरायचीच नसते, जाणत्या माणसांनी गोदामात वापरायची असते. कोठीचे झाकण घट्ट आहे असे मी समजत होते, पण पत्र्याच्या झाकणातून वायू सहज बाहेर येतो.

तेव्हापासून कोठी निजायच्या खोलीत नाही. गहू चैत्रात दोन-तीन कडक उन्हे दाखवून घेते, आणि दाताखाली कट्ट वाजला तरच भरते. ऊन दिल्यावर तो पुरता निवू द्यावा, गरम भरला तर आत घाम सुटतो. कडुलिंबाचा पाला सावलीत वाळवून थराथरात घालावा. तूरडाळीला तळहाताने एरंडेल चोळावे. घट्ट झाकणाचे डबे काठोकाठ भरावेत, म्हणजे आत हवा थोडी उरते. कांदा मात्र जाळीच्या पिशवीत, वाऱ्याला टांगून, आणि बटाट्यापासून लांब.

सासूबाईंची नजर आता अधू झाली आहे. तरी गहू आला की मूठभर मागून घेतात, एक दाणा चावतात, आणि कोठी कोठे ठेवली आहेस म्हणून दरवर्षी विचारतात.