अजिंठ्यासाठीं निवडलेले हात

संघ निवडतांना निवडणाराची परीक्षा होत नसते. ती पुष्कळ वर्षांनीं होते. १९३६ सालीं अमेरिकेंतील नऊ फुटबॉल-संघांनीं विद्यापीठांतून बाहेर पडणाऱ्या तरुण खेळाडूंची पाळीपाळीनें निवड करण्याची पद्धति सुरू केली. त्या पहिल्या निवडींत अगदीं पहिलें नांव पुकारलें गेलें तें शिकागो विद्यापीठाच्या जे बर्वांगर या खेळाडूचें. विद्यार्थी-खेळाडूंत त्याच्याएवढा नांवाजलेला त्या वेळीं दुसरा कोणी नव्हता. परंतु धंदेवाईक संघाकडून तो पुढें एकहि सामना खेळला नाहीं. जुन्या निवडींच्या याद्या समोर घेऊन कोणाची पारख खरी ठरली व कोणाची फसली, याचा हिशेब मांडण्याचा छंद तिकडील क्रीडाप्रेमी लोकांना आहे.

असा हिशेब खेळाच्या मैदानापासून फार दूर असलेल्या एका ठिकाणींहि मांडतां येण्यासारखा आहे. तें ठिकाण म्हणजे अजिंठा. तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृति करवून घेण्यासाठीं १८४४ पासून १९११ पर्यंतच्या काळांत तीन वेळां माणसें निवडलीं गेलीं. पहिल्या वेळीं एक लष्करी अधिकारी, दुसऱ्या वेळीं मुंबईच्या कलाशाळेंतील विद्यार्थी आणि तिसऱ्या वेळीं कलकत्त्याचे व हैदराबादचे तरुण चित्रकार. या तीन निवडींतून काय निष्पन्न झालें, हें आज शंभर वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर पाहिलें म्हणजे ज्या कामासाठीं माणूस निवडला जातो तेंच त्याच्या हातून होणारें सर्वांत मोठें काम असतें असें नाहीं, हें ध्यानांत येतें.

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचें औरंगाबाद, येथून सुमारें १०० किलोमीटरवर वाघूर नदीनें घोड्याच्या नालासारखें वळण घेतलें आहे. त्या वळणाच्या उभ्या कड्यांत हीं लेणीं खोदलेलीं आहेत. १८१९ च्या एप्रिल महिन्यांत मद्रास फौजेंतील जॉन स्मिथ हा अधिकारी शिकारीसाठीं आला असतां तीं त्याच्या दृष्टीस पडलीं, आणि तेव्हांपासून त्यांचा बोभाटा युरोपपर्यंत गेला. आसपासच्या गांवकऱ्यांना तीं अर्थातच ठाऊक होतीं. आंतील चित्रें मातीच्या गिलाव्यावर काढलेलीं आहेत. ओल, धूर, वटवाघुळें आणि भिंतीवर आपलें नांव कोरून जाणारे हौशी प्रवासी यांच्यामुळें गिलावा सुटून पडत होता. १८४३ सालीं जेम्स फर्ग्युसन या संशोधकानें लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढें लेण्यांवरील आपला निबंध वाचला, आणि चित्रें नाहींशीं होण्यापूर्वीं तीं उतरवून घ्यावींत असें ईस्ट इंडिया कंपनीनें ठरविलें.

कंपनीनें निवडलें तें एका माणसाला. मद्रास फौजेंतील रॉबर्ट गिल याला १८४४ सालीं हें काम सांगण्यांत आलें. गिल चाळिशीचा होता, हात कसलेला होता आणि चिकाटी तर विलक्षण होती. वर्षामागून वर्षें त्यानें मोठमोठ्या कापडांवर तैलरंगांत प्रतिकृति केल्या आणि त्या लंडनकडे रवाना केल्या. तेथें सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें त्या लोकांना पाहण्यासाठीं मांडल्या होत्या. १८६६ च्या डिसेंबरांत त्या इमारतीस आग लागली आणि गिलच्या जन्माचें काम जवळजवळ सगळें जळून गेलें. गिल १८७९ सालीं वारला. त्याची कबर भुसावळास आहे. निवडलेला माणूस नालायक होता असें कोणालाहि म्हणतां येणार नाहीं. परंतु सगळी भिस्त एका हातावर आणि सगळी पुंजी एका छपराखालीं, असा तो व्यवहार होता. त्या कामांतून एखादी चित्रशाळा उभी राहिली नाहीं. त्यामुळें आगींत कापडें गेलीं तेव्हां मागें फारसें कांहीं उरलें नाहीं.

दुसरी निवड मुंबईस झाली. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या नांवाची कलाशाळा १८५७ सालीं सुरू झाली होती आणि १८६५ मध्यें जॉन ग्रिफिथ्स हा चित्रकार तेथें शिक्षक म्हणून आला. जळालेल्या प्रतिकृतींची भरपाई करावयाची तर नवा माणूस विलायतेहून आणण्याऐवजीं शाळेंतील विद्यार्थीच नेणें सोयीचें होतें. १८७२ पासून १८८५ पर्यंत, थंडीच्या दिवसांत, ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांच्या तुकड्या घेऊन अजिंठ्यास जात असे. मुंबईच्या वर्गांतून उठून आलेल्या त्या मुलांना अंधाऱ्या लेण्यांत बसून हातभर भिंतीची रेष न् रेष मोजून उतरवावी लागे. एवढ्या काळांत सुमारें ३०० प्रतिकृति तयार झाल्या. त्या लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील संग्रहालयांत गेल्या आणि दैव असें कीं, १८८५ सालीं तेथेंहि आग लागून त्यांतील बराच भाग नष्ट झाला. उरलेल्या प्रतिकृतींच्या आधारें ग्रिफिथ्सनें १८९६-९७ मध्यें दोन मोठे ग्रंथ प्रसिद्ध केले, आणि अजिंठ्याचें दर्शन जगांतील अभ्यासकांना प्रथम घडलें तें मुख्यत्वें त्या ग्रंथांतून.

या विद्यार्थ्यांपैकीं पुढें नांवारूपास आले ते पेस्तनजी बोमनजी. ते १८५१ सालीं जन्मले आणि १९३८ पर्यंत हयात होते. परंतु त्यांची कीर्ति अजिंठ्याच्या वळणाच्या चित्रांवर उभी नाहीं. ती पारशी घरांतील वडीलधाऱ्या माणसांच्या तैलचित्रांवर उभी आहे. बाकीच्यांचीं नांवें सुशिक्षित घरांतूनहि आज कोणाला आठवत नाहींत. ग्रंथाच्या पहिल्या पानावर नांव आहे तें ग्रिफिथ्सचें. याचा अर्थ ती निवड वायां गेली असा मात्र नव्हे. मुंबईच्या बोरीबंदर स्थानकाच्या इमारतीवर पानाफुलांचें आणि पशुपक्ष्यांचें जें कोरीव काम आहे, त्यांत ग्रिफिथ्सच्या हाताखालीं याच शाळेच्या विद्यार्थ्यांनीं भाग घेतला होता. पण शाळेची निवड होती ती हातांची. हुकुमाप्रमाणें अचूक उतरवून देणारे हात तिला हवे होते आणि ते तिला मिळाले. त्या हातांनीं परत आल्यावर स्वतःचें असें काय करावें, हा प्रश्न कोणी विचारला नाहीं. शाळेचें प्रमुखपदहि पुढें कित्येक वर्षें युरोपियन चित्रकारांकडेच राहिलें.

तिसरी निवड झाली ती एका बाईंच्या आग्रहानें. क्रिस्तियाना हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकर्तीनें चेन्निनो चेन्निनी या जुन्या इटालियन कलावंताचा चित्रणपद्धतीवरील ग्रंथ इंग्रजींत आणला होता. त्यामुळें भिंतीवरील जुन्या रंगांचें मर्म त्यांना चांगलें कळत होतें. १९०६ सालीं अजिंठा पाहून त्या भारावून गेल्या आणि १९०९ च्या हिवाळ्यांत प्रतिकृति करण्यासाठीं पुन्हां आल्या. त्यांना मदतनीस हवे होते. इंग्लंडहून डोरोथी लार्चर आली. हैदराबादेहून सय्यद अहमद व महंमद फाजलुद्दीन आले. आणि भगिनी निवेदितांच्या आग्रहावरून कलकत्त्याच्या अवनींद्रनाथ ठाकुरांनीं आपले शिष्य पाठविले. त्यांत २७ वर्षांचे नंदलाल बोस होते, १९ वर्षांचे असितकुमार हालदार होते, आणि त्यांच्याबरोबरच समरेंद्रनाथ गुप्त व म्हैसूर संस्थानांतील वेंकटप्पा हेहि होते. या चौघांपैकीं कोणाचेंहि नांव त्या वेळीं देशभर झालेलें नव्हतें.

काम दोन हिवाळे चाललें. त्या प्रतिकृति संख्येनें ग्रिफिथ्सच्या संग्रहापुढें थोड्याच होत्या. १९१५ सालीं लंडनच्या इंडिया सोसायटीनें त्या ग्रंथरूपानें प्रसिद्ध केल्या. पण तोंपर्यंत हेरिंगहॅमबाईंची प्रकृति कायमची बिघडली होती आणि चित्रकलेंत त्यांच्या हातून पुढें कांहीं झालें नाहीं. एवढ्यावरच हिशेब मिटविला असता तर ही तिसरी निवड पहिल्या दोहोंपेक्षां लहान ठरली असती.

पण त्या चौघांचें पुढें काय झालें तें पाहावें. नंदलाल बोस १९२२ पासून १९५१ पर्यंत शांतिनिकेतनच्या कलाभवनाचे प्रमुख होते. १९३८ सालीं हरिपुरा काँग्रेससाठीं गांधीजींच्या सांगण्यावरून त्यांनीं खेड्यांतील कष्टकरी माणसांचीं चित्रें काढलीं. बडोद्याच्या कीर्तिमंदिराच्या भिंती त्यांनीं रंगविल्या. आणि भारतीय संविधानाच्या मूळ हस्तलिखित प्रतीचें सुशोभन त्यांच्याच देखरेखीखालीं झालें. विनायक मासोजी यांच्यासारखा मराठी विद्यार्थी त्यांच्यापाशीं शिकून तेथेंच शिक्षक झाला. असितकुमार हालदार १९२५ पासून १९४५ पर्यंत लखनौच्या सरकारी कलाशाळेचे प्राचार्य होते. अजिंठ्यावर बंगाली भाषेंत त्यांनीं पुस्तकहि लिहिलें. समरेंद्रनाथ गुप्त लाहोरच्या मेयो कलाशाळेचे प्राचार्य झाले. वेंकटप्पा कर्नाटकांत परतले, एकांतांत राहून चित्रकला आणि वीणावादन यांची उपासना करीत राहिले. बंगळूरच्या चित्रालयास त्यांचें नांव आहे. आणि सय्यद अहमद अजिंठ्यालाच परत आले. हैदराबाद संस्थानानें १९१४ सालीं पुरातत्त्व खातें काढल्यावर लेण्यांची देखभाल करणारे अधिकारी म्हणून त्यांनीं तेथें काम केलें.

हें यश निवडणाराच्या दृष्टीचें कितपत आणि काळाचें कितपत, हें तपासून पाहिलें पाहिजे. १९०५ नंतर स्वदेशीची लाट उसळलेली होती. भारतीय वळणाची चित्रकला शिकविणारीं माणसें हवीं होतीं आणि त्यांना जागा मिळत होत्या. पेस्तनजींच्या पिढीला असा काळ लाभला नाहीं. त्यांच्या वेळीं मान होता तो विलायती पद्धतीच्या तैलचित्राला. तेव्हां मुंबईच्या मुलांपेक्षां कलकत्त्याच्या मुलांत उपजत गुण अधिक होता, असा निष्कर्ष काढणें अन्यायाचें होईल. फरक होता तो पाठविण्याच्या हेतूंत आणि परत आल्यानंतर मिळालेल्या स्थानांत. एका शाळेनें विद्यार्थ्यांना चित्रें आणण्यासाठीं पाठविलें. दुसऱ्या गुरूनें चित्रांपासून शिकण्यासाठीं पाठविलें. एका तुकडीला परत आल्यावर पुन्हां हाताखालींच काम करावें लागलें. दुसरीच्या हातीं संस्था आल्या. गुण पारखणें हें निवडीचें अर्धेंच काम असतें. निवडलेल्या माणसाला पुढें वाव देणें हें उरलेलें अर्धें होय, आणि तेंच बहुधा विसरलें जातें.

नामांकित माणूस निवडूनहि काम बिघडतें याचा दाखला अजिंठ्यांतच आहे. १९२० सालीं निजाम सरकारनें चित्रांच्या रक्षणासाठीं इटलीहून लोरेंझो चेक्कोनी व काउंट ओर्सिनी या तज्ज्ञांना बोलाविलें. सुटणारा गिलावा त्यांनीं कौशल्यानें पुन्हां बसविला. परंतु चित्रांवर दिलेला लाखेचा लेप कालांतरानें पिवळा पडून मूळचे रंग झांकूं लागला, आणि तो काढून टाकण्याचें काम पुढच्या पिढ्यांना फार काळजीनें करावें लागलें.

१९८३ सालीं अजिंठा जागतिक वारशाच्या यादींत गेला. मध्यंतरींच्या काळांत भिंतीवरील कांहीं भाग झडून नाहींसे झाले आहेत. त्या जागीं पूर्वीं काय होतें हें पाहावयाचें असेल तर अभ्यासकाला आजहि लंडनच्या संग्रहालयांत उरलेल्या, मुंबईच्या विद्यार्थ्यांनीं केलेल्या त्या कापडांकडेच वळावें लागतें. नंदलालांची कीर्ति सर्वांच्या तोंडीं आहे आणि ती योग्यच आहे. पण तेरा वर्षें थंडीच्या दिवसांत अंधारांत बसून रेष मोजणाऱ्या त्या मुलांची बाकी अजून कोणीं फेडलेली नाहीं.