वानरांचें मरण आणि गांवकऱ्यांची नजर

रोगांच्या इतिहासांत आपण प्रयोगशाळांचीं नांवें आदरानें घेतों. पण त्यांचें दार प्रथम कोणी ठोठावलें, हें सहसा विचारीत नाहीं. माकडतापाचा इतिहास या दृष्टीनें मननीय आहे.

सन १९५७ मध्यें तत्कालीन म्हैसूर राज्याच्या शिमोगा जिल्ह्यांत, क्यासनूरच्या रानांत, वानरें व माकडें मरून पडूं लागलीं. त्याच सुमारास आसपासच्या गांवांतील माणसें तीव्र तापानें अंथरुणास खिळलीं. रहिवाशांनीं हा संबंध ओळखून आपल्या कानडींत या दुखण्यास माकडांचाच रोग म्हटलें. पुढें पुण्याच्या विषाणु संशोधन केंद्रानें शोध हातीं घेतला. तें केंद्र १९५२ सालीं स्थापन झालें होतें. आरंभीं संशय पीतज्वराचा होता. परंतु विषाणु निराळाच निघाला आणि त्याचा वाहक रानांतील गोचीड ठरला. रुग्णापासून दुसऱ्यास हा ताप होत नाहीं. माकड मेलें कीं त्याच्या अंगावरील गोचीड जमिनीवर उतरतात, आणि सरपणासाठीं वा गुरांमागें तेथें जाणारा मनुष्य त्यांच्या तावडींत सांपडतो.

लोकसहभागाचें मर्म येथेंच आहे. मेलेलें माकड हीच येऊं घातलेल्या साथीची सूचना होय. आणि तें प्रथम दिसतें गुराख्यास, तालुक्याच्या डॉक्टरास नव्हे. त्यानें शवास हात न लावतां वेळींच वर्दी दिली, तर शवाची विल्हेवाट लावून भोंवतीं कीटकनाशक टाकतां येतें आणि गांव सावध होतो. या रोगावर विशिष्ट औषध नाहीं. लस होती, परंतु ती पुरेशी गुणकारी न ठरल्यानें २०२२ सालीं कर्नाटकांत तिचा वापर थांबला. म्हणून या वर्दीचें मोल अधिकच वाढलें आहे.

दीर्घकाळ शिमोग्याच्या आसपास राहिलेला हा ताप पुढें सह्याद्रीच्या रांगेनें पसरला. २०१५ सालीं गोव्याच्या सत्तरी तालुक्यांत आणि २०१६ सालीं सिंधुदुर्गांतील दोडामार्गाकडे त्याचे रुग्ण आढळले. तेथें काजूचा हंगाम आणि तापाचा हंगाम एकच. ज्याची वर्षाची मिळकत त्या बागेंत आहे, त्यास 'रानांत जाऊं नका' असें सांगणें सोपें, पण निरर्थक आहे. अंगास लावावयाचें गोचीडनाशक तेल त्याच्या हातीं पडणें आणि ताप येतांच रक्ततपासणी होणें, हेंच त्याच्या उपयोगाचें.

सहभाग म्हणजे केवळ लोकांनीं हुकूम पाळणें, असें आम्हांस वाटत नाहीं. गुराख्याच्या नजरेस शास्त्राच्या कामांत स्थान असलें पाहिजे. निरोप घेऊन आलेल्यास कचेरीच्या ओट्यावर ताटकळावें लागलें, तर पुढच्या खेपेस तो निरोप आणणार नाहीं. आणि मग साथीची बातमी आपणांस माकडांकडून नव्हे, माणसांच्या मरणांतून कळेल.