डब्यावरचे वाक्य आणि डॉक्टरांची चिठ्ठी

१९८१ साली कुलाबा जिल्हा ‘रायगड’ झाला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात जागतिक आरोग्य सभेने आईच्या दुधाच्या पर्यायांच्या विक्रीविषयी आंतरराष्ट्रीय संहिता संमत केली. पेण-रोह्याच्या दवाखान्यांत तिला बंधनाचे रूप यायला मात्र १ ऑगस्ट १९९३ उजाडावा लागला. १९९२चा भारतीय कायदा त्या दिवशी अमलात आला. डब्यावर बाळाचे चित्र नको, ही त्याची परिचित बाजू. मर्म आहे नवव्या कलमात : दूध-पावडर खपावी म्हणून कंपन्यांनी आरोग्यसेवकांना भेटवस्तू वा प्रलोभने देऊ नयेत. २००३च्या दुरुस्तीने वैद्यकीय परिषदा व संशोधन यांचे प्रायोजकत्वही निषिद्ध ठरवले. मुंबईच्या डॉ. आर. के. आनंद यांच्यासारख्या बालरोगतज्ज्ञांनी हा लढा आपल्याच व्यवसायाच्या मिंधेपणाशी दिला, हे विसरता येत नाही.

जाहिरातीवर घरातली आजी शंका घेते, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सहसा घेत नाही. ‘दूध पुरत नाही’ म्हणून घाबरलेल्या पहिलटकरणीला बाळ नीट छातीशी धरायला शिकवणे वेळखाऊ असते. डबा लिहून देणे क्षणाचे काम. बाळ ओढेनासे झाले की दूध खरोखरच आटते, आणि चिठ्ठी खरी ठरल्यासारखी वाटते. ती कोणाच्या उपकाराखाली लिहिली गेली, हे बाळंतिणीला दिसत नाही. नववे कलम त्या न दिसणाऱ्या बाजूसाठी आहे.